रिकाम्या जागेत रेघ

बाईंच्या वर्गात पहिलं अक्षर गिरवायच्या आधी तीन वाक्यं म्हणावी लागायची. मनातल्या मनात नाही, खालच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरत असतानाही ऐकू येतील अशी. वाचल्याशिवाय सही नाही. कोऱ्या कागदावर सही नाही. रिकामी जागा दिसली की रेघ. नव्या बायका पहिल्या दिवशी एकमेकींकडे बघून खुसूखुसू हसायच्या आणि बाई डोळे वटारायच्या. "हसा, हसा," त्या म्हणायच्या. "माझ्या ओळखीतली एक अशीच हसत हसत दिराच्या कागदावर सही करून बसली. आता भाड्याच्या खोलीत हसते."

तिसरं वाक्य त्या फळ्यावर करून दाखवायच्या. मजकूर संपला आणि सहीपर्यंत बोटभर जागा उरली, तर तिथे आडवी रेघ ओढायची, म्हणजे मागाहून कुणाला काही घुसडता येत नाही. आणि रेघ फूटपट्टीनेच ओढायची, हाताने वेडीवाकडी नाही. बाईंचा सगळा कारभारच फूटपट्टीने आखलेला होता.

बाई म्हणजे शाळेच्या मोठ्या बाई. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी अजून रस्त्यात त्या दिसल्या की टक्कल पडलेले बाप्ये सायकलवरून खाली उतरायचे. निवृत्त झाल्यावर कुणी सकाळी फिरायला जातं, कुणी दुखणी काढतं. बाईंनी महिला केंद्र काढलं. गिरणीच्या वर एक खोली, आठ बाकं, एक फळा. आणि कपाटाच्या आत एक वही, जिच्यात प्रत्येक बाईची आयुष्यातली पहिली सही जपून ठेवलेली असायची.

त्या वहीत मुंगीची सहीही होती. मुंगी हे काही तिचं नाव नव्हे. मोज्यांच्या कारखान्यात ती जोड्या लावायच्या टेबलावर होती. ढिगातून एक मोजा उचलायचा, त्याचा जोडीदार शोधायचा, रंग, लांबी, टाच ताडून बघायची आणि दोन्ही एकात एक गुंडाळून खोक्यात टाकायचे. अंगाने एवढीशी, पण हात म्हणून कधी थांबायचे नाहीत, त्यामुळे सगळा विभाग तिला मुंगी म्हणायचा आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. चौतिसाव्या वर्षी ती सही करायला शिकली. पहिली सही जमली त्या दिवशी तिने ती सोळा वेळा केली आणि सतराव्या वेळी ढसाढसा रडली. मग डोळे पुसून तिने शेवटच्या सहीखालच्या जागेत एक रेघ ओढली. "राहू दे गं, हा सरावाचा कागद आहे," बाई म्हणाल्या. "नको बाई," ती म्हणाली, "काय सांगता येतं?"

बाई तो किस्सा मग प्रत्येक भाषणात सांगायच्या. आणि भाषणं पुष्कळ व्हायची, कारण त्या मोज्यांच्या कारखान्याला बाईंनी बरोबर कामाला लावलं होतं. "कंपन्यांना नुसता बोल लावू नका, कामाला लावा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मालकांच्या दारात त्या अकरा वेळा गेल्या होत्या. दहा वेळा मालक मिटिंगमध्ये होते. अकराव्या वेळी बाई सोबत डबा घेऊन गेल्या आणि त्यांच्या केबिनबाहेरच्या सोफ्यावर बसून शांतपणे जेवल्या. मालक बाहेर आले, हसले, आणि त्यानंतर दोन वर्षांत केंद्रातल्या बेचाळीस बायका कारखान्यात लागल्या, केंद्राला शिवणयंत्रं आली, कारखान्यात बायकांसाठी वेगळी विश्रांतीची खोली झाली. आता तर केंद्रासाठी कारखान्याच्या कुंपणाला लागून एक अख्खा हॉल बांधून होत होता. गावोगावच्या संस्था बघायला यायच्या, वर्तमानपत्रात फोटो यायचे. फोटोत बाईंची मान ताठ असायची, आणि का नसावी?

या सगळ्यात एक समितीही होती. बायकांना कामावर कुणी त्रास दिला तर तक्रार ऐकायला कारखान्यात समिती नेमायची, आणि तिच्यात एक तरी माणूस बाहेरच्या संस्थेचं हवं, असा नियम होता. ते बाहेरचं माणूस अर्थातच बाई. दर तीन महिन्यांनी बैठक व्हायची, बैठकीचं रजिस्टर भरायचं, खाली सगळ्यांच्या सह्या. रजिस्टर सांभाळायचे वेल्फेअरचे साहेब. हे पस्तिशीचे, इस्त्रीच्या शर्टातले, गोड बोलणारे. सगळं गाव बाई म्हणायचं, हे एकटे मॅडम म्हणायचे.

पहिल्या तीन बैठकांना बाई गेल्या. तिन्ही वेळा चहा झाला, बिस्किटं झाली आणि रजिस्टरात लिहिलं गेलं, 'एकही तक्रार नाही.' चौथ्या वेळी हॉलचा पाया खणत होते आणि बाईंना सवड नव्हती. साहेब स्वतः रजिस्टर घेऊन घरी आले. "मॅडम, एवढ्यासाठी तुम्ही कशाला दोन बस बदलून येता? तक्रार तर नसतेच. इथे सही करा." पान लिहिलेलं होतं. बाईंनी वाचलं आणि सही केली. मग साहेबांनी पान उलटलं. "पुढच्या चार बैठकांच्याही करून ठेवता का? म्हणजे मला सारखं तुम्हाला त्रास द्यायला नको."

घरात बाईंबरोबर त्यांची नणंद राहायची. दोघींचेही नवरे गेलेले, मुलं दूर, आणि चाळीस वर्षांची भांडणं आता इतकी मुरली होती की त्याशिवाय दोघींना चहा गोड लागत नसे. नणंद तेव्हा दारात भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, "वहिनी, पानं कोरी आहेत हो."

"वन्सं, तुम्ही भाजी निवडा," बाई म्हणाल्या. "साहेब काय परके आहेत?"

आणि त्यांनी चार कोऱ्या पानांच्या तळाशी, आपल्या शाईच्या पेनने, शाळेच्या दाखल्यांवर तीस वर्षं करत आल्या तशी ऐसपैस सही केली. चारदा. सहीच्या वर वीतभर कागद मोकळा होता. रेघ मारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. बरं, साहेब काय परके होते?

हे झालं वर्षापूर्वी.

मंगळवारी सकाळी बाई केंद्राची खोली झाडत होत्या, तेव्हा मुंगी जिना चढून आली. कामाची वेळ असताना ती इथे कशी, म्हणून बाईंनी झाडू भिंतीला टेकवला. मुंगीच्या हातात घडी घातलेला कागद होता आणि चेहरा रडलेला नव्हता, पेटलेला होता.

"बाई, आधी बसा," ती म्हणाली. "तुमच्या नावावर लोकांनी काय उद्योग केलेत ते बघा."

मग तिने सगळं सांगितलं. त्यांच्या विभागाचा सुपरवायझर चार महिने तिच्या पाठीमागे येऊन उभा राहायचा. खोकी मोजायच्या निमित्ताने वाकायचा. आधी खांद्यावर हात, मग कंबरेवर. ती ओरडली तर म्हणायचा, काय झालं, मी मोजे मोजतोय. शेवटी तिने तक्रार लिहिली. स्वतःच्या हाताने, दीड पान, आणि वेल्फेअरच्या साहेबांकडे देऊन पोच घेतली.

"मला का नाही सांगितलंस गं?" बाईंनी विचारलं.

"सांगणार होते. पण तुम्हीच म्हणता ना, ओळखीच्या माणसाकडे जायचं नाही, लेखी द्यायचं, समिती कशाला आहे? म्हटलं, समितीत तुम्ही आहातच. बोलावतील तेव्हा भेटालच."

तिने कागद उघडून बाईंच्या हातात दिला. कारखान्याचं पत्र होतं आणि मागे रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स जोडलेली होती. पंधरा तारखेच्या बैठकीत समितीने तक्रारदाराचं आणि सुपरवायझरचं म्हणणं समक्ष ऐकून घेतलं. तक्रार गैरसमजातून झाली आहे असं समितीचं एकमत झालं. विभागातलं वातावरण चांगलं राहावं म्हणून तक्रारदाराची बदली साच्यांच्या विभागात करण्यात येत आहे. निर्णय मान्य नसल्यास शुक्रवारपर्यंत मालकांकडे दाद मागता येईल. खाली चार सह्या. शेवटची सर्वांत मोठी, ऐसपैस.

साच्यांचा विभाग म्हणजे कारखान्याची भट्टी. तापलेल्या धातूच्या पायांवर ओले मोजे चढवायचे आणि आकार आला की ओढून काढायचे. तिथल्या बायकांचे हात कोपरापर्यंत चट्ट्यांनी भरलेले असायचे.

"समक्ष ऐकलं म्हणे!" मुंगी म्हणाली. "पंधरा तारखेला मी दिवसभर टेबलावर होते, मला कुत्र्यानेही बोलावलं नाही. आणि तुम्ही तर तिथे नव्हताच. असतात तर मला भेटल्याशिवाय गेला असतात का? मी सगळ्यांना सांगितलं, ही सही खोटी आहे. बाईंची सही कुणीतरी मारली. त्या इस्त्रीच्या विभागातल्या बायका म्हणाल्या, तुझी बाई कंपनीची आहे, हॉल मिळतोय तिला. अशी भांडले त्यांच्याशी! म्हटलं, माझी बाई मरेल, पण न वाचता सही करायची नाही."

बाई कागदाकडे बघत राहिल्या. त्यांच्या कानांतून वाफा निघाल्यासारखं झालं. आत्ता, या क्षणी सांगून टाकावं, असं मनात आलं, पण त्यांनी नुसती कागदाची घडी घातली.

"आठ जणी तयार आहेत," मुंगी म्हणत होती. "त्याने त्यांनाही सोडलेलं नाही. पण त्या म्हणतात, आधी बाईंनी लिहून द्यावं की सही त्यांची नाही, मग आम्ही मालकांसमोर तोंड उघडू. तुम्ही द्याल ना लिहून?"

"बघते," बाई म्हणाल्या. "मी बघते काय ते."

काय बघणार होत्या, डोंबल! मुंगी मात्र खुशीत जिना उतरून गेली. बाई बाकावर बसल्या आणि फळ्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेली तीन वाक्यं त्यांच्याकडे बघत राहिली. थोड्या वेळाने त्यांनी उठून फळा पुसला. आणि पुसल्यावर तर आणखीच लाज वाटली, म्हणून पुन्हा लिहून काढला.

दुपारी त्या दोन बस बदलून कारखान्यात गेल्या. साहेबांनी खुर्ची पुढे केली, चहा मागवला. बाईंनी चहाला हात लावला नाही.

"ही बैठक कधी झाली?"

"मॅडम, आवाज जरा..." साहेबांनी उठून दार लावलं. खरं सांगायचं तर त्यांचाही चेहरा उतरलेला होता. "बैठक म्हणजे, फोनवर झाली म्हणा ना. सुपरवायझरशिवाय विभाग चालत नाही. मोठी ऑर्डर आहे. त्या बाईला दुसरीकडे हलवलं की दोघांनाही मोकळं वाटेल, असा विचार केला."

"माझी सही आहे त्याच्यावर."

"तुमचीच आहे ना?"

बाईंनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"मी तुम्हाला फोन केला होता, मॅडम. पंधरा तारखेला, अकराच्या सुमाराला. तुम्ही हॉलवर होतात, रंगाऱ्याशी बोलत होतात. मी म्हटलं, एक छोटी तक्रार आलीय, मी उरकून घेऊ का? तुम्ही म्हणालात, घ्या उरकून, तुमच्यावर विश्वास आहे."

बाईंना आठवलं. सगळं आठवलं. समोर रंगारी चार पट्ट्या धरून उभा होता, फिका पिवळा, हस्तिदंती, फिका निळा आणि एक बदामी. ऊन कुठून येतं, भिंत मळेल का, यावर त्या अर्धा तास खल करत होत्या. मध्येच फोन वाजला. कानाला फोन, डोळे पट्ट्यांवर. घ्या उरकून. आणि फोन ठेवून त्या रंगाऱ्याला म्हणाल्या, "हस्तिदंती बरा." एका बाईच्या दीड पानाच्या तक्रारीपेक्षा त्या दिवशी भिंत मोठी झाली होती. कोणाची तक्रार, काय तक्रार, एवढंही त्यांनी विचारलं नव्हतं.

"मी महिन्याभरात तिला गुपचूप परत टेबलावर आणतो," साहेब म्हणाले. "शब्द देतो. फक्त तुम्ही आत्ता काही लिहून देऊ नका. रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर आधीच सह्या घेतल्या होत्या, हे बाहेर आलं तर माझी नोकरी जाईल. आणि मॅडम, तुमचं तरी काय राहील? हॉलचं उद्घाटन दहा दिवसांवर आलंय."

धमकी नव्हती त्या आवाजात, हीच तर मेख. साहेब काकुळतीला आले होते. जणू दोघे एकाच वर्गातले चुकार विद्यार्थी होते आणि मोठ्या बाई यायच्या आत काहीतरी सारवासारव करायची होती. आणि मोठ्या बाई तर खुर्चीत बसल्या होत्या. बाई उठल्या आणि नमस्कारही न करता बाहेर पडल्या. वाटेत साच्यांचा विभाग लागला. दार उघडं होतं, आतून गरम हवेचा लोट आला. मुंगी पाठमोरी उभी होती, बाह्या वर केलेल्या. तापलेल्या पायावरून मोजा ओढताना तिने पटकन हात झटकला, बोटं तोंडात घातली आणि पुन्हा पुढचा मोजा उचलला. बाईंनी हाक मारली नाही. त्या चक्क भिंतीच्या आडोशाने निघून गेल्या. एका मुख्याध्यापिकेने, अहो, भिंतीच्या आडोशाने!

घरी आल्यावर नणंदेने तोंड बघितलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. बाईंनी सगळं सांगितलं. आता ही म्हणणार, मी तेव्हाच म्हटलं होतं, म्हणून बाई मनाची तयारी करून बसल्या. चाळीस वर्षांत तेवढी संधी तिने कधी सोडली नव्हती. पण नणंद काही बोललीच नाही. ती उठून चहा टाकायला गेली, आणि ते बाईंना चार टोमण्यांपेक्षा जास्त लागलं.

चहा देताना ती म्हणाली, "वहिनी, खोटी आहे म्हणा."

"काय?"

"सही. खोटी आहे म्हणून लिहून द्या. त्या मुलीचं काम होईल, त्या आठ जणी बोलतील, तो मेला सुपरवायझर जाईल. साहेब ओरडला तर ओरडू दे. कोरी पानं घेऊन फिरत होता, तो काय साव आहे? घरात तेव्हा मी होते. मी काही पाहिलं नाही."

"तुम्ही खोटं बोलाल माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी कोण बोलतंय? त्या मुलीसाठी," नणंद म्हणाली, आणि चेहरा फिरवून मसाल्याच्या डब्यांशी उगीच खुडबुड करू लागली.

बुधवारचा पूर्ण दिवस बाईंनी त्या एका वाक्याशी काढला. सही माझी नाही. चार शब्दसुद्धा नव्हेत, तीनच. आणि त्यात किती सोय होती, बघा. मुंगीचं भलं, केंद्राचं नाव शाबूत, बाईंची मान ताठ. वाईट होणार ते साहेबांचं, आणि साहेब काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. बाईंनी दोनदा कागद पुढे ओढला. पहिल्यांदा 'सही' एवढाच शब्द लिहिला. दुसऱ्यांदा तिन्ही लिहिले, आणि शिस्तीने खाली सही करायला गेल्या. आपली सही आपली नाही, हे सांगायला खाली तीच सही करायची. पेन तिथेच थांबलं. त्यांनी कागद फाडला, तुकडे पुन्हा फाडले आणि चुलीशेजारच्या डब्यात टाकले. आपण इतक्या हलक्या आहोत, हे त्यांना या वयात पहिल्यांदा कळत होतं आणि ते कुठे ठेवावं हे कळत नव्हतं.

गुरुवारी वर्ग होता. एरवी पंधरा जणी असायच्या, त्या दिवशी बसायला जागा नव्हती. मुंगी त्या आठ जणींना घेऊन आली होती. भांडणाऱ्या इस्त्रीवाल्याही आल्या होत्या, दाराशी हाताची घडी घालून उभ्या. नणंदही आली होती, जी कधी केंद्राची पायरी चढत नसे. मुंगीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी बांधलेली होती.

बाई फळ्यापाशी उभ्या राहिल्या. काही बोलायच्या आत सवयीने बायकांनी सुरू केलं. वाचल्याशिवाय सही नाही. कोऱ्या कागदावर सही नाही. सगळ्यांत मोठा आवाज मुंगीचा. दाराकडे बघून, त्या इस्त्रीवाल्यांना ऐकवत म्हणत होती ती. खालची गिरणीसुद्धा त्या आवाजात बुडाली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "पुरे. बसा खाली."

सगळ्या बसल्या.

"ती सही माझी आहे."

कुणाला नीट कळलं नाही. मुंगी तर अजून हसतच होती.

"पंधरा तारखेच्या कागदावरची सही माझी आहे. कुणी मारलेली नाही. मी वर्षापूर्वी घरी बसून चार कोऱ्या पानांवर सह्या करून दिल्या. वर काय लिहितील ते विचारलं नाही. रेघ मारली नाही." आवाज फाटत होता, पण त्या बोलत राहिल्या. "मी शेण खाल्लं. तुम्हाला शिकवत होते आणि घरी जाऊन शेण खाल्लं."

खाली गिरणी चालू होती, तेवढीच. दाराशी उभ्या इस्त्रीवाल्यांपैकी एकजण म्हणाली, "बघ, आम्ही म्हटलं नव्हतं?" पण तिचाही आवाज खाली गेला आणि तिने जमिनीकडे बघितलं. बाईंना वाटलं होतं कुणी ओरडेल, कुणी उठून जाईल. कुणीच काही केलं नाही. सगळ्या नुसत्या बघत होत्या. धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात, तसं बाईंना वाटलं. पण खाली धरणी कुठली, गिरणी होती.

मुंगीचं हसू हळूहळू गेलं.

"मी लोकांशी भांडले हो, बाई," ती म्हणाली.

एवढंच. ती रागावली असती तर बाईंना ते सोसलं असतं.

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "माफी मागायला तोंड नाही मला."

"माफीचं नंतर बघू. उद्या शुक्रवार आहे." मुंगीने टेबलावरून एक कागद ओढला आणि बाईंच्या पुढे ठेवला. "लिहून द्या."

बाई बसल्या आणि लिहू लागल्या. सगळ्या जणी टेबलाभोवती जमल्या. लिहून झालं तसं मुंगीने कागद आपल्याकडे घेतला, चिंधी बांधलेलं बोट अक्षरांखाली ठेवलं आणि मोठ्याने वाचायला लागली. अडखळत, पण एकही शब्द न गाळता. "पंधरा तारखेला कोणतीही बैठक झाली नाही. तक्रारदाराला कुणीही बोलावलं नाही. सदर पानावर मी कामाच्या घाईत अगोदरच सही करून दिली होती. मला फोनवर तक्रारीविषयी सांगण्यात आले, परंतु व्यस्ततेमुळे मी चौकशी करू शकले नाही."

ती थांबली. "व्यस्तता म्हणजे?"

"काम होतं," बाई म्हणाल्या.

"कसलं?"

बाईंनी नणंदेकडे बघितलं. नणंद खिडकीबाहेर बघत होती.

"हॉलच्या भिंतींना रंग कोणता द्यायचा ते ठरवत होते."

कुणीतरी "अगं बाई" म्हणालं, अगदी हळू. मुंगीने कागद परत बाईंच्या पुढे सरकवला.

"मग तसं लिहा."

बाईंनी 'व्यस्ततेमुळे' खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'हॉलच्या भिंतींचा रंग निवडत असल्यामुळे.' उद्या हे वाक्य मालक वाचणार होते. साहेब वाचणार होते. ज्यांनी फोटो छापले त्यांनाही कधी ना कधी कळणार होतं. हॉल राहील का जाईल, कोण सांगणार? बाईंचे कान लालबुंद झाले होते, पण हात थांबला नाही.

"'कामाच्या घाईत'ही खोडा," मुंगी म्हणाली. "घरी बसून केल्यात म्हणालात ना?"

बाईंनी तेही खोडलं.

मुंगीने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग ती त्या आठ जणींकडे वळली. "ऐकलंत? सही खोटी नाही. पण बैठक खोटी आहे. येताय उद्या?"

त्या एकमेकींकडे बघू लागल्या. मग त्यांच्यातली सर्वांत थोराड बाई म्हणाली, "ज्यांचं एवढं नाव आहे त्यांनी हे लिहून दिलं, मग आपलं काय जातंय? येते मी." आणि मग एकीमागून एक बाकीच्याही.

बाईंनी सही करायला पेन उचललं.

"थांबा," मुंगी म्हणाली.

मजकूर संपला होता तिथून कागदाच्या तळापर्यंत चार बोटं जागा मोकळी होती. मुंगीने फळ्याखालची फूटपट्टी आणली, कागदावर नीट बसवली, भाजलेल्या बोटांनी दाबून धरली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढली. मग त्या रेघेखाली एका सहीपुरती जागा दाखवून कागद बाईंकडे फिरवला.

"आधी वाचा," ती म्हणाली.

बाईंनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून सगळं वाचलं. मग सही केली.